ऑपरेटिंग सिस्टीम: आधी प्रोसेस समजून घे

अगं, व्याख्या पाठ करत बसू नकोस. आधी प्रोग्राम आणि प्रोसेस यांतला फरक पक्का कर. प्रोग्राम म्हणजे डिस्कवर पडलेली फाइल. ती चालू झाली, तिला मेमरी आणि क्रमांक मिळाला की प्रोसेस. नागपुरात सीताबर्डीला तर्री-पोह्याच्या ठेल्यावर बघ, माणूस एकच, पण दहा जणांच्या प्लेटा थोड्या थोड्या पुढे सरकतात. शेड्युलर, म्हणजे कुठली प्रोसेस कधी चालवायची ते ठरवणारा ऑपरेटिंग सिस्टीमचा भाग, प्रोसेसरच्या एका कोअरवर हेच करतो, मिलिसेकंदांत.

मग लिनक्सवर सी प्रोग्राम लिही: दोनदा फोर्क (चालू प्रोसेसची आणखी एक प्रत बनवणारा कॉल), शेवटी एक प्रिंटएफ (ओळ छापणारं फंक्शन). ओळ ४ वेळा छापली जाईल. का, ते कागदावर झाड काढून शोध. मला दोन संध्याकाळी लागल्या होत्या, पण त्यानंतर विषय आवडायला लागला. डेडलॉक (प्रोसेस एकमेकींची वाट बघत अडकणं), पेजिंग (मेमरीचे सारखे तुकडे करून वापरणं) नंतर. अडलीस तर रविवारी ये, सोबत बसू.