घर तारण ठेवून बायोटेकमधून डेटाकडे वळावे का?

प्रश्न : मी 27 वर्षांची असून एम.एस्सी. (बायोटेक्नॉलॉजी) झाल्यापासून साडेतीन वर्षे पुण्यात तपासणी-किट बनवणाऱ्या कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल विभागात काम करते. हातात दरमहा 41 हजार रुपये येतात. जैवतंत्रज्ञान, आरोग्याचा डेटा आणि मशीन लर्निंग (संगणकाला उदाहरणांतून शिकवण्याचे तंत्र) यांची सांगड घालणाऱ्या क्षेत्रात मला जायचे आहे. अमेरिकेत दोन वर्षांच्या एम.एस.ला प्रवेश मिळाला आहे. खर्च 52 लाख असून त्यापैकी 45 लाख बँक 10 टक्के व्याजाने द्यायला तयार आहे, मात्र त्यासाठी कराडचे घर तारण ठेवावे लागेल. वडील चौदा महिन्यांनी निवृत्त होतील. दुसरा पर्याय 3 लाख 80 हजारांच्या ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रमाचा आहे. माझ्याकडे म्युच्युअल फंडात 4 लाख 20 हजार आणि मुदत ठेवीत 3 लाख आहेत. मी काय करावे?

उत्तर : या क्षेत्राला भवितव्य आहे का, असे तुम्ही विचारलेले नाही, आणि त्याबद्दल मलाही फारशी शंका नाही. प्रथिनांची रचना संगणकाने ओळखण्याच्या कामाला 2024 मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला, तर आपल्याकडे जीनोम इंडिया प्रकल्पातील 10 हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती फरिदाबादच्या केंद्रातून संशोधकांसाठी खुली झाली आहे. मात्र प्रश्न आहे तो तुमचा हप्ता आणि तुमच्या वडिलांचे घर यांचा, म्हणून आधी हिशेब मांडू.

कर्जाची रक्कम चार सत्रांत समान उचलली आणि अभ्यासक्रमाची दोन वर्षे व पुढील एक वर्ष हप्ता नाही असे धरले, तर साध्या व्याजानेही तोवर सुमारे 10 लाख 12 हजार चढतात. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी तुमच्या डोक्यावर 45 नव्हे, तर 55 लाखांहून थोडे अधिक कर्ज असेल, आणि ते दहा वर्षांत फेडायचे तर दरमहा सुमारे 73 हजार भरावे लागतील. अमेरिकेत नोकरी लागली तर ही रक्कम जड नाही. ती लागली नाही आणि तुम्हाला परत यावे लागले, तर काय होईल हे पाहिले पाहिजे. तुम्हीच पत्रात लिहिले आहे की बंगळुरूच्या जीनोमिक्स कंपनीत असलेल्या मैत्रिणीला वर्षाला 11 लाखांचे पॅकेज आहे. त्यातून भविष्य निर्वाह निधी वगैरे वजा जाता हातात साधारण 80 हजार येतील, म्हणजे हप्ता दिल्यावर उरतील सात हजार. तेवढ्यात बंगळुरूचे घरभाडे सोडाच, महिन्याचे जेवणही भागणार नाही.

परत यावे लागण्याची शक्यता मी उगाच मोठी करून दाखवत नाही. शिक्षणानंतर तुम्हाला एक वर्ष आणि विज्ञान-तंत्रज्ञान शाखांसाठी आणखी दोन वर्षे काम करता येते; त्यानंतरचा एच-1बी हा नोकरीचा व्हिसा सोडतीवर अवलंबून आहे. सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेबाहेरील नव्या अर्जदारांसाठी त्यावर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. तेथे शिकून तेथेच व्हिसा बदलून घेणाऱ्यांना ते लागू नाही असा खुलासा नंतर आला. पण ज्या नियमाला महिन्याभरात खुलाशाची गरज पडते, त्याच्या भरवशावर घर गहाण ठेवणे मला पटत नाही. शिवाय या विषयातल्या विद्यापीठांतील पुष्कळ नोकऱ्या सरकारी संशोधन अनुदानावर चालतात, आणि 2025 पासून त्या अनुदानालाच कात्री लागली आहे.

एजंटने तुम्हाला सांगितलेल्या करसवलतीबद्दलही लिहितो. शिक्षणकर्जाच्या व्याजाची वजावट (जुन्या कायद्यातले कलम 80ई) फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, जास्तीत जास्त आठ वर्षे मिळते, आणि ही मुदत पहिले व्याज भरल्यापासून सुरू होते. तुम्ही अमेरिकेत असताना भारतात करपात्र उत्पन्नच नसेल, आणि परत येऊन 11 लाखांवर काम केले तर नव्या प्रणालीत तसाही कर शून्य आहे. म्हणजे ज्या सवलतीच्या जोरावर कर्ज स्वस्त भासवले जात आहे, ती तुमच्या बाबतीत जवळजवळ कागदावरच राहते.

ऑनलाइन प्रमाणपत्राचा विचार सोडून द्यावा. त्याचे ‘बिनव्याजी’ हप्ते बहुधा एखाद्या वित्तसंस्थेचे कर्ज असते, आणि अभ्यासक्रम मध्येच सोडला तरी ते कर्ज तुमच्याच नावावर राहते.

आता तुमच्याकडे आधीच असलेल्या भांडवलाविषयी, कारण पत्रात तुम्ही त्याचा उल्लेख अगदी ओझरता केला आहे. तुम्ही लिहिता की एलायझा या रक्तासारख्या नमुन्यांवरील चाचणीच्या 96 खळ्यांच्या प्लेटमध्ये कडेच्या खळ्यांतील द्रव लवकर उडतो आणि त्यांचे वाचन आतल्या खळ्यांपेक्षा वेगळे येते, म्हणून तुम्ही ती खळी नमुन्यांसाठी वापरत नाही. ज्याने प्रयोगशाळा पाहिलेली नाही, त्या संगणक अभियंत्याला ही 96 वाचने म्हणजे एका रकान्यातले 96 सारखेच आकडे वाटतात. समजा सगळे रुग्ण कडेला आणि निरोगी माणसे आत भरली गेली असतील, तर त्याचे मॉडेल आजाराऐवजी प्लेटची कड ओळखायला शिकेल, अचूकता 95 टक्के दाखवील आणि दुसऱ्या रुग्णालयात तोंडावर आपटेल. एका प्रयोगशाळेने साखर मिलिग्रॅममध्ये आणि दुसरीने मिलिमोलमध्ये नोंदवणे, मधेच यंत्र बदलणे, एकाच रुग्णाचे दोन नमुने मॉडेलला शिकवण्याच्या आणि ते तपासण्याच्या अशा दोन्ही संचांत जाणे, या सगळ्या चुका तुम्हाला दिसतील. आकडा कसा तयार होतो हे तुम्हाला ठाऊक आहे. कमी आहे ते संख्याशास्त्र आणि प्रोग्रामिंग, आणि तेवढ्यासाठी पहिल्याच पायरीवर 52 लाख घालण्याचे कारण मला दिसत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की नोकरी न सोडता पुढचे नऊ महिने आणि फार तर सव्वा लाख रुपये स्वतःला आजमावून पाहण्यासाठी बाजूला काढावेत. त्यातले 75-80 हजार बऱ्यापैकी लॅपटॉपला जातील. रेषीय बीजगणित, संख्याशास्त्र आणि पायथन ही संगणकभाषा एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर विनाशुल्क शिकता येते. परीक्षेपुरते प्रत्येकी हजार रुपये भरावे लागतात. अतिदक्षता विभागातील रुग्णांचा, ओळख पुसलेला ‘मिमिक’ हा डेटासंच नैतिकतेचे ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण केल्यावर मोफत मिळतो. त्यावर एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट करून दाखवा. (कंपनीतील डेटा मात्र लेखी परवानगीशिवाय घरी आणू नये, 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे भान या क्षेत्रात पहिल्या दिवसापासून हवे.) रात्री साडेनऊला कामावरून आल्यावर हे जमते का आणि आवडते का, हे त्या नऊ महिन्यांत कळेल, आणि माझ्या मते त्या सव्वा लाखाचा खरा मोबदला हाच आहे.

याच काळात गेट या एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेची तयारी करावी. 2024 पासून त्यात डेटा सायन्स व कृत्रिम बुद्धिमत्तेची वेगळी प्रश्नपत्रिका आहे आणि बायोटेक्नॉलॉजीची पूर्वीपासून आहेच. गेटवर एम.टेक. मिळाले तर दरमहा 12,400 रुपये विद्यावेतन मिळते. ते तुटपुंजे आहे, पण शुल्क फार नसेल तर घराला हात लावावा लागत नाही. संशोधनाकडे कल असेल, तर जेआरएफ (पीएच.डी.साठीची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळवणाऱ्याला आज दरमहा 37 हजार आणि घरभाडे भत्ता मिळतो, म्हणजे जवळपास तुमच्या सध्याच्या पगाराइतके पैसे घेऊन पीएच.डी. करता येते. पत्रात या पर्यायाचा उल्लेखही नाही, याचे मला नवल वाटले.

एवढे करून परदेशी जायचेच ठरले, तर मर्यादा आधी ठरवून घ्यावी. भारतात परतल्यावर हातात येणाऱ्या 80 हजारांपैकी 40 टक्के, म्हणजे 32 हजारांचा हप्ता झेपेल असे धरले, तर वर सांगितलेल्याच पद्धतीने मूळ कर्ज 20 लाखांच्या आतच बसते, आणि तारणाविना घेतल्यास व्याज चढे असल्याने 18 लाख समजावे. एवढ्यात अमेरिका बसत नाही, जर विद्यापीठाने शुल्कमाफी किंवा असिस्टंटशिप (अध्यापन-संशोधनात मदतनीस म्हणून पगारी काम) दिली नाही तर. जर्मनी बसू शकते : तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही (बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात सत्राला 1,500 युरो आहे), आणि व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो जे खात्यात अडकवावे लागतात, ते दरमहा तुम्हालाच खर्चाला मिळतात. मात्र बायोइन्फर्मेटिक्सच्या (जैविक माहितीच्या संगणकीय विश्लेषणाच्या) प्रवेशासाठी तेथे गणित आणि संगणकशास्त्राचे ठरावीक श्रेयांक अनेकदा मागतात, आणि ते तुमच्या गुणपत्रिकेत नाहीत.

मुदत ठेवीतील 3 लाखांना हात लावू नये. वडिलांची निवृत्ती जवळ आली असताना घरात तेवढी रोकड असलीच पाहिजे. कर्ज कितीही घेतले, तरी बँक त्याच्याच रकमेत घालून देऊ करते ती एकरकमी हप्त्याची विमा पॉलिसी नाकारून स्वतंत्र मुदत विमा घ्यावा, तो बहुधा स्वस्त पडतो. आणि मिळालेला प्रवेश लगेच रद्द करू नका : अनामत भरण्याआधी विद्यापीठाला ई-मेल करून प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का आणि पुढच्या वर्षी असिस्टंटशिपसाठी नव्याने अर्ज करता येईल का, असे विचारा. लेखी उत्तर येईपर्यंत वडिलांनी तारणाच्या कागदांवर सही करू नये.