गार्डला काय ठाऊक, तुला काय ठाऊक

तुझा प्रश्न मला कळला तो असा. सेलमध्ये रेसिडेंट ईव्हिलचा रीमास्टर आणि थीफ गोल्ड हे दोन जुने व्हिडिओ गेम घेतलेस, दोन्ही थोडे थोडे खेळलास, रिव्ह्यू लिहायला बसलास आणि अडकलास. एकात बाई रणगाड्यासारखी वळते, दुसऱ्यात माणसांची तोंडं खोक्यासारखी. तरी जो तो ‘क्लासिक’ म्हणतो. हे आमच्या पिढीचं उगाच गहिवरणं आहे की त्यात खरंच काही आहे, आणि आज यांना दहापैकी किती द्यायचे? एकोणीस वर्षांचा आहेस असं लिहिलंयस म्हणून सरळ अरे-तुरे करतोय.

गहिवरणं आहेच, नाही कशाला म्हणू. पण ते बाजूला काढलं तरी बरंच उरतं. ते कुठे शोधायचं एवढं सांगतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कॉलेजात होतो आणि नारायण पेठेत वाड्यात राहायचो. कॉम्प्युटर मित्राकडे, दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे परतायला रात्रीचे साडेअकरा-बारा. दिंडी दरवाजा नुसता लोटलेला असायचा. आत आलं की चप्पल हातात, कारण चौकातल्या शहाबादी फरशीवर ती वाजते. लाकडी जिन्याची पाचवी आणि अकरावी पायरी करकरायची, तिथे भिंतीलगत पाय टाकायचा. तळमजल्यावर एक आजोबा होते, झोप उडालेले. ते खोकत असले तोवर बिनधास्त चालायचं. खोकला थांबला की आपणही थांबायचं, कारण आता ते ऐकतायत.

थीफ पहिल्यांदा खेळलो तेव्हा वाटलं, हा बनवणारा आमच्या वाड्यात राहून गेलाय. लुकिंग ग्लास या अमेरिकन स्टुडिओने तो १९९८ च्या अखेरीस काढला. तेव्हा बहुतेक गेम हातात बंदूक देऊन पळायला लावत होते. यात गॅरेट नावाचा चोर आहे, आणि तलवार काढून समोरासमोर भिडलास तर दोन गार्डांतच तुझा निकाल लागतो. स्क्रीनच्या तळाशी एक खडा आहे, तू किती उजेडात उभा आहेस तेवढं तो सांगतो. पाण्याच्या बाणाने मशाल विझवायची, शेवाळ्याच्या बाणाने वाजणारी फरशी मऊ करायची. दोरीचा बाण लाकडात रुततो, दगडात नाही. लोखंडी जाळीवर पाय पडला की ठणाणा, गालिच्यावर काहीच नाही. आणि आवाज भिंत भेदून आरपार येत नाही, दारांतून वळसे घेत येतो. त्यामुळे पलीकडच्या दालनात शीळ घालत फिरणारा गार्ड जवळ येतोय की लांब जातोय हे नुसत्या कानाने कळतं. आजच्या कितीतरी महागड्या गेममध्ये गार्ड भिंतीपलीकडूनच रंगवलेला दिसतो. इथे कान देऊन बसावं लागतं.

आता मुद्द्याचं. हॉरर आणि स्टेल्थ (लपतछपत, चोरपावलांनी खेळायचा खेळ) हे दोन वेगळे प्रकार म्हणून विकले जातात, पण दोन्हींच्या पोटात एकच यंत्र आहे: कोणाला काय ठाऊक. तुला गार्डबद्दल जास्त ठाऊक आणि त्याला तुझ्याबद्दल कमी, की झालं स्टेल्थ. पारडं उलटं फिरलं की हॉरर. म्हणून जुना गेम घेतलास की आधी हे बघ: तो तुला काय सांगतो, काय लपवतो, आणि सांगायची किंमत काय लावतो. चित्रं नंतर.

रेसिडेंट ईव्हिलला हीच फूटपट्टी लाव. मूळ गेम कॅपकॉमचा, १९९६ चा, दिग्दर्शक शिन्जी मिकामी. मिकामीनेच २००२ मध्ये तो पुन्हा बनवला, तो रीमेक; तुझ्याकडे आहे तो त्याचाच पीसीवर २०१५ मध्ये आलेला रीमास्टर. कॅमेरा खोलीच्या कोपऱ्यात खिळलेला. कॉरिडॉरच्या वळणापलीकडे झाँबी कण्हतोय. जिल, म्हणजे तू चालवतोस ती बाई, तिच्या तो अगदी डोळ्यांसमोर असेल, पण तुला दिसत नाही. पात्राला दिसतंय आणि खेळणाऱ्याला नाही, ही शुद्ध लबाडी आहे, आणि अख्खा गेम तिच्यावर उभा आहे.

रणगाडा कंट्रोलचं कारणही यातच आहे. कॅमेरा दर चार पावलांवर बदलतो. ‘वर’चं बटण म्हणजे स्क्रीनवर वर, असं ठेवलं तर कॅमेरा बदलताच दिशा उलटते आणि पात्र आल्या वाटेने परत फिरतं. ‘वर’ म्हणजे पात्राच्या नाकासमोर, असं ठेवलं की कॅमेरा कितीही उड्या मारो, बोट उचलावं लागत नाही. रीमास्टरमध्ये नवे कंट्रोलही दिलेत. दोन्हींनी एकेक तास खेळून बघ. नव्याने झाँबीला वळसा घालणं इतकं सोपं होतं की भीतीतली निम्मी हवाच जाते. माझ्या मते रणगाडा कंट्रोल जुने आहेत, चुकलेले नाहीत. पण हाताला बसायला वेळ लागतो, हे रिव्ह्यूत स्पष्ट लिही. जुन्या खेळाडूंच्या लिखाणात नेमकं तेवढंच गाळलेलं असतं.

रीमेकमधल्या दोन गोष्टी मला अजून ग्रेट वाटतात. पहिली कुत्र्याची. मूळ गेममध्ये एका कॉरिडॉरमधून जाताना खिडकी फोडून कुत्रा आत येतो, आणि तो खेळलेल्या प्रत्येकाला ती खिडकी पाठ आहे. रीमेकमध्ये तिथे पोचलास की काच नुसती तडकते. येत काहीच नाही. मग केव्हातरी, डोक्यात भलतंच असताना, त्याच वाटेने जाताना तो येतो. तुझ्या आठवणीचाच वापर तुझ्याविरुद्ध. दुसरी रॉकेलची. मारलेल्या झाँबीचं डोकं उडालं नसेल किंवा तो जाळला नसेल, तर काही वेळाने तो लाल होऊन, दुप्पट वेगाने उठतो. जाळायला रॉकेल लागतं आणि बाटलीत मावतं ते दोनच वेळांपुरतं. रेशनच्या रॉकेलच्या रांगेत डबा घेऊन उभा राहिलेला मी, मला तो हिशोब लगेच समजला. वर सामान ठेवायला जिलला आठच जागा, क्रिसला (दुसरं पात्र) सहा, आणि सेव्ह करायला टाइपरायटरची रिबन, तीही मोजून. रिबन घेऊ की गोळ्या, यावर मी वहीत आकडेमोड केलेली आहे.

सायलेंट हिल (१९९९) बद्दल सगळे धुक्याचंच बोलतात. पहिल्या प्लेस्टेशनला लांबचं गाव काढणं झेपत नव्हतं, म्हणून धुकं आणि अंधार घातला, हे खरंच आहे. पण त्याहून भारी तिथला रेडिओ. राक्षस जवळ आला की तो खरखरतो. कुठून येतोय ते मात्र सांगत नाही. अर्धी माहिती ही शून्य माहितीपेक्षा जास्त छळते. शंका असेल तर परीक्षेच्या निकालाआधी कुणाचा तरी ‘कळलं का?’ एवढाच मेसेज आला की काय होतं ते आठव.

मेटल गिअर सॉलिडचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. हिदेओ कोजिमाचा १९९८ चा गेम, पीसीवर २००० मध्ये आला, आणि माझ्याकडे आला तो कागदाच्या पाकिटात, वर मार्करने नाव लिहिलेल्या दोन कॉपी सीडींच्या रूपात. त्यात एका ठिकाणी सांगतात, मेरिलला कॉल कर, फ्रीक्वेन्सी सीडीच्या कव्हरच्या मागे आहे. त्याच्या थोडं आधी स्नेकला, म्हणजे नायकाला, एक डिस्क मिळालेली असते. मी दोन संध्याकाळी ती डिस्क उलटीपालटी करून बघत होतो. ‘सीडीचं कव्हर’ म्हणजे खरंच दुकानातल्या डब्याचं मागचं पान, हे डोक्यात येणार कसं? डबा कुणी पाहिला होता? शेवटी १४०.०० पासून एकेक आकडा पुढे सरकवत बसलो आणि १४०.१५ ला बाई बोलली. चोरीच्या सीडीचा दंड आम्ही असा भरला.

त्या गेममध्ये वर कोपऱ्यात रडार असतं, त्यावर गार्डची नजर कुठवर जाते ते पंख्यासारखं दिसतं. सगळं उघडं. पण पकडला गेलास की रडार जॅम. सगळ्यात जास्त गरज असते नेमकी तेव्हाच माहिती काढून घेतात, आणि दोन मिनिटांपूर्वीचा शांत स्टेल्थ एकदम हॉरर होतो. बर्फात उमटलेल्या तुझ्या पावलांचा माग काढत गार्ड येतो तेव्हाही तेच. आता तुझ्याबद्दल त्याला ठाऊक आहे.

पुण्यात त्या काळी सायबर कॅफेत चालायचे ते मात्र दुसरेच दोन: कमांडोज आणि आयजीआय. तुझ्या यादीत ते नाहीत, घाल. कमांडोज (१९९८, स्पेनच्या पायरो स्टुडिओचा) वरून बघत खेळायचा. शत्रूच्या नजरेचा हिरवा त्रिकोण दिसतो, जवळच्या भागात गेलास की मेलास, लांबच्या भागात सरपटत गेलं तर चालतं. पण एका वेळी एकाच सैनिकाचा त्रिकोण बघता येतो. दहा जणांचा मेळ तू डोक्यात घालायचास. प्रोजेक्ट आयजीआय (२०००, नॉर्वेच्या इनरलूपचा) खरं सांगायचं तर अर्धाच स्टेल्थ. सायरन वाजला की बराकींतून माणसं बाहेर पडतात आणि मग नुसती मारामारी. इंजिन त्यांच्याच विमानाच्या सिम्युलेटरचं, म्हणून तळ एवढे अफाट आणि शत्रू एवढ्या लांबून मारतात. मिशनच्या मध्ये सेव्ह नाही. त्यात गुरुवार म्हणजे आमच्याकडे लाईट जायचा वार, आणि पाऊण तास पोटावर सरपटत गेलेलं मिशन शेवटच्या गेटपाशी गुल. तासाचे पैसे कॅफेवाला तरी घ्यायचाच.

नव्यातले दोन सांगून जातो. ॲम्नेशिया (२०१०) मध्ये हत्यारच नाही. अंधारात लपलास तर राक्षसापासून वाचतोस पण डोकं ठिकाणावर राहत नाही, आणि राक्षसाकडे टक लावून बघितलंस तरी तेच. बघण्याचीही किंमत. एलियन: आयसोलेशन (२०१४) मध्ये हालचाल टिपणारं यंत्र हातात आहे, पण त्याची पिकपिक जवळ आलेल्या एलियनलाही ऐकू जाते. शेवट रबरासारखा ताणलाय, ते लिहीच. कन्सोलवर त्यात एक गंमत आहे, कॅमेऱ्याचा माइक चालू ठेवला तर तुझ्या घरातला खरा आवाज एलियन ऐकतो. मित्राकडे आम्ही गेममधल्या कपाटात लपून श्वास रोखून बसलो होतो. स्वयंपाकघरात कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि खेळ संपला. काकूंना आजपर्यंत कळलेलं नाही आम्ही का ओरडलो.

आणि हे दोन्ही प्रकार एकमेकांत पूर्ण विरघळलेले बघायचे असतील तर थीफचा तिसरा भाग, डेडली शॅडोज (२००४). गेम एकंदर मधलाच, लेव्हल तोकड्या, त्याला डोक्यावर घेऊ नकोस. पण त्यात ‘रॉबिंग द क्रेडल’ नावाची एक लेव्हल आहे. एक जुनी इमारत, आधी अनाथाश्रम, मग वेड्यांचं इस्पितळ. शिरलास की वरून, माळ्यावरून, धडधड ऐकू येते. बराच वेळ तिथे एकही शत्रू नाही. तू मात्र सवयीने सावलीसावलीने चालतोस, दारं हळू लोटतोस, कारण गेमने दोन भाग तुला तेच शिकवलेलं. कुणी ऐकायलाच नाही आणि तरी चोरपावलं. मग तळघरात जाऊन वीज चालू करावी लागते. एरवी चोराला दिवा नको असतो. इथे दिवे लागतात आणि त्यांच्याबरोबर इतरही कुणीतरी जागं होतं. पुढे कॉरिडॉरमधला एखादा दिवा फडफडायला लागला की समजायचं, त्यांच्यापैकी एक जवळ आलाय. आमच्या आजोबांच्या खोकल्याचंच उलटं रूप.

गुणांचं म्हणशील तर मी देत नाही. तुझ्या वाचकांना आकडा हवाच असेल तर दोन दे, एक त्या सालासाठी आणि एक आजच्या संध्याकाळसाठी. थीफला माझ्याकडून नऊ आणि आठ. आयजीआयला सात आणि चार, आणि ते चार लिहिताना माझा हात अडखळला हेही लिही.

थीफ खेळताना न्यूडार्क हा चाहत्यांचा पॅच टाक, नाहीतर नव्या मशीनवर रडवेल. अवघडपणा एक्स्पर्टवर ठेव. त्यात माणूस मारायला बंदी आहे, सुरुवातीला चिडशील. रात्री, हेडफोन लावून, एका बैठकीत एकच लेव्हल. आणि जे काही खेळायचंय ते जुलैच्या आत उरक. नदीपात्रात ढोल-ताशाचा सराव सुरू झाला की गार्डची पावलं ऐकू येणं विसर.