महिला सरपंच नावापुरत्याच असतात, तर आरक्षणाचा उपयोग काय?

सरपंचपद स्त्रीसाठी राखीव झाले तरी कारभार नवराच बघतो, मग अशा आरक्षणाने समानता कशी येणार, असे तुम्ही विचारले आहे. मी राखीव जागेवरून निवडून येऊन सरपंच झाले होते आणि हा प्रश्न मुदतभर तोंडावर ऐकला आहे. त्याचा रोख नेहमी बाईवर असतो, तिच्या खुर्चीत बसणाऱ्या पुरुषावर कधीच नसतो, याची मला चीड आहे.

पहिल्याच मासिक सभेत प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेचे कामकाज आणि ठराव लिहायची वही, माझ्यापुढे आले, तेव्हा त्यात ठराव आधीच लिहून झालेले होते, सूचक-अनुमोदकांची नावे भरलेली होती आणि खाली माझ्या सहीपुरती जागा सोडलेली होती. मी वाचायला घेतले, तेव्हा आमच्या भावकीतले एक ज्येष्ठ सदस्य, जे आदल्या मुदतीत स्वतः सरपंच होते, म्हणाले, "सूनबाई, हे वाचत बसलात तर इथंच संध्याकाळ होईल. सही करा, बाकीचं आम्ही तुमच्या मालकांशी बोललोय." माझे पती दारातच उभे होते. मी त्यांना सर्वांसमक्ष घरी जायला सांगितले आणि ते काही न बोलता गेले, हे भावकीने मला कधीच माफ केले नाही. त्या पानावर ज्या गटाराच्या कामाला मंजुरी हवी होती, ते गटार आदल्या वर्षीच बांधून झाले होते, म्हणून मी तो विषय तहकूब ठेवला. त्यानंतर पंचायत समितीत मी कोणाच्या गाडीतून जाते आणि परतायला किती उशीर होतो, याची चर्चा पारावर सुरू झाली. पुरुष सरपंचावर पैसे खाल्ल्याचा आरोप होतो, स्त्री सरपंचावर चारित्र्याचा. पहिल्या आरोपाला दप्तर उघडून उत्तर देता येते. दुसऱ्याला काय उघडून दाखवायचे? पुढे अविश्वास ठरावही आला, पण राखीव पदावरील महिला सरपंचाविरुद्ध त्याला तीन चतुर्थांश बहुमत लागते आणि तेवढे हात वर झाले नाहीत.

हे माझ्या एकटीचे दुखणे नाही. जळगाव जिल्ह्यातील विचखेडे गावच्या महिला सरपंचांना अपात्र ठरवणारा आदेश २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला रद्द करावा लागला, आणि एक स्त्री सरपंच झाली हेच गावकऱ्यांच्या पचनी पडले नव्हते, असे निरीक्षण न्यायालयाने नोंदवले. स्त्रीची ओळख पुरुषावरून ठरवण्याची सवय तर त्याहून जुनी आहे: पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदारयादीतून वगळली गेली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको किंवा तमक्याची मुलगी एवढेच सांगितले होते.

आमचे ते ज्येष्ठ सदस्य आजही म्हणतात की कर्तबगार बाईला आरक्षण लागत नाही. मग जिथे आरक्षण नाही तिथले चित्र पाहा. २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ स्त्रिया निवडून आल्या. उरलेल्या सगळ्या स्त्रिया नालायक होत्या, असे त्यांना म्हणायचे आहे का? उलट पश्चिम बंगाल आणि राजस्थानातील पंचायतींचा अभ्यास करून राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो या अभ्यासकांनी २००४ मध्ये दाखवून दिले की राखीव पदावर स्त्री प्रमुख असते, तिथे पिण्याच्या पाण्यासारख्या, स्त्रियांनी मागितलेल्या कामांवर अधिक गुंतवणूक होते. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना १९९३ पासून एक तृतीयांश आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा मिळाल्या नसत्या, तर माझ्यापुढे ते बुक कधी आलेच नसते.

काही घरांत बाई स्वतःहून सगळा कारभार नवऱ्यावर सोपवते, हे मला मान्य आहे, आणि माझे पती ऐकणारे होते म्हणून मला घरात झगडावे लागले नाही, हेही खरे. पण तालुक्याच्या पुढाऱ्याला विचारल्याशिवाय सही न करणारे पुरुष सरपंच मी कितीतरी पाहिले आहेत आणि त्यांच्यावरून पुरुषांच्या पात्रतेची चर्चा झालेली मी ऐकलेली नाही.

तुमच्या गावात खरोखर पतीच कारभार बघत असतील, तर पुढच्या ग्रामसभेत ते उत्तर द्यायला उठताच त्यांना थांबवा, उत्तर सरपंचांकडूनच हवे असे सांगा आणि तुमची ही हरकत प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्यायला लावा. ग्रामसभेआधी स्त्रियांची वेगळी सभा घ्यावी लागते. ती खरोखर झाली की नुसत्या सह्या गोळा केल्या, हेही तिथेच विचारा.