पाचोळा, शेकोटी आणि फटाक्यांची माळ

प्रश्न: सोसायटीचा माळी रोज सकाळी पाचोळा कुंपणाच्या कोपऱ्यात पेटवतो. हरकत घेतली की सचिव म्हणतात, ‘जागा आपली, नियम रस्त्यासाठी आहे.’ त्यांचं बरोबर आहे का? (कोथरूड, पुणे)

उत्तर: सचिवांनी नियम वाचलाय, पण अर्धाच. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत ‘आवाराबाहेरील’ रस्त्यावर वा मोकळ्या जागेत कचरा जाळू नये असे शब्द आले, आणि तिथेच ही पळवाट निघाली. पण बागेचा कचरा आवारातच वेगळा साठवून पालिका सांगेल तशी विल्हेवाट लावावी, हेही त्याच नियमांत होतं. शिवाय २२ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने, उघड्यावर कचरा जाळायला देशभर मनाई केली. साध्या प्रकरणात ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. कोपऱ्यात झाड असेल तर आणखी एक भानगड: राज्याच्या १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यात ‘झाड तोडणे’ या व्याख्येत झाड भाजणंही येतं.

माळ्याला नुसतं ‘जाळू नको’ सांगून भागत नाही, पाचोळा टाकायला जागा द्यावी लागते. दहा फूट कोंबडीजाळी गोल बांधली की साधारण तीन फूट व्यासाचा पिंजरा होतो. तो मातीवर ठेवा, फरशीवर नको, आणि झाडाच्या बुंध्यापासून लांब. फूटभर पाचोळा दाबून भरा. त्यावर बादलीभर पाण्यात कालवलेलं अर्धं घमेलं ताजं शेण ओता, मग पुढचा थर. दोन-तीन आठवड्यांनी वरखाली करा. मूठभर पाचोळा पिळल्यावर एखाद-दोन थेंब निघाले तर ओल बरोबर.

‘महिना झाला तरी पानं तशीच’ ही तक्रार हमखास येते. कारण बहुतेक वेळा कोरडेपणा किंवा शेणाची कंजुषी. नुसत्या वाळक्या पानांत जिवाणूंना लागणारा नत्र फारच कमी असतो. वास आला तर पाणी जास्त झालंय, कोरडा पाचोळा मिसळा. गुलमोहराची बारीक पानं लवकर कुजतात. आंबा-फणसाची चिवट पानं आधी चुरडली नाहीत तर सहा महिनेही लागतात.

तरीही जाळणं थांबलं नाही, तर वेळ दिसेल असा फोटो घेऊन पालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातल्या आरोग्य निरीक्षकांकडे लेखी तक्रार द्या.

प्रश्न: ३१ डिसेंबरला गच्चीवर शेकोटी करायची आहे. परवानगी लागते का? (नाशिक)

उत्तर: सुकं सरपण म्हणजे कचरा नव्हे, त्यामुळे वरची मनाई त्याला लागू होत नाही. पण गच्ची सामाईक असते. सोसायटीची लेखी संमती घ्या आणि पालिकेचा वेगळा आदेश आहे का ते पाहा. निष्काळजीपणाने कुणाच्या जिवाला धोका झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

खरं तर गच्चीपेक्षा अंगण बरं. फरशीखालच्या कोब्यात ओल असते. आच लागली की तिची वाफ होते, फरशा उचकटतात आणि पावसाळ्यात खालच्या घरात गळतं. करायचीच तर विटांवर लोखंडी घमेलं, त्यात चार बोटं वाळू. टाकी, प्लास्टिकचे पाइप आणि केबलपासून दहा फूट अंतर. प्लायवूड, रंगवलेलं लाकूड, टायर यांना हात लावू नका. प्लायच्या डिंकाचा धूर घशाला झोंबतो. विझवताना पाणी ओतून काठीने ढवळा आणि पुन्हा ओता. वरची राख गार दिसली तरी आत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो. उरलेले निखारे ऊब म्हणून खोलीत नेणं सर्वांत घातक: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्रश्न: शेजारी रात्री अकराला माळ लावतात, वर ‘हरित फटाके आहेत’ म्हणतात. (डोंबिवली)

उत्तर: हरित, म्हणजे कमी प्रदूषणाचे, असले तरी अकरा वाजता नाहीतच. सर्वोच्च न्यायालयाच्या २३ ऑक्टोबर २०१८च्या आदेशानुसार दिवाळीत वेळ रात्री ८ ते १०. नाताळ आणि वर्षअखेरीला ११.५५ ते १२.३०. त्याच आदेशाने माळा आणि बेरियम क्षारांचे फटाकेही बंद केले. म्हणजे माळ कोणत्याही वेळी नाहीच. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या १०० मीटर परिसरातल्या शांतता क्षेत्रात तर आवाजी फटाका दिवसाही वाजवता येत नाही. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या हरित फटाक्यांच्या खोक्यावर तिचं बोधचिन्ह आणि क्यूआर कोड असतो; नुसतं हिरवं खोकं पाहून घेऊ नका. तक्रार ११२ वर करा. आदेश मोडला गेला तर ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला वैयक्तिक जबाबदार धरण्याची तरतूद त्याच निकालात आहे, हे फोनवर सौम्यपणे सांगायला हरकत नाही.

न फुटलेल्या फटाक्यावर वाकून पाहू नये. वीस मिनिटं थांबून लांबूनच पाणी ओता. फुलबाज्यांच्या तारा थेट पाण्याच्या बादलीत. दिवाळीत पाय भाजतात ते बहुधा या तारांवर.