चिकणमाती: कण, खनिज की रान?

प्रश्न असा आहे: ‘आमच्या जालन्याकडे भारी काळ्या रानाला चिकणमातीचं रान म्हणतात. कोकणातले पाहुणे कुंभाराच्या मातीलाच चिकणमाती म्हणतात. मुलाच्या पुस्तकात तर वाळू, पोयटा, चिकणमाती असे कणांचे आकार दिले आहेत. तिन्ही एकच का? आणि दगडाचं अगदी बारीक पीठ केलं तर चिकणमाती होते का?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, बाकीचा उलगडा त्यातूनच होईल. नाही, होत नाही. खडी क्रशरखाली साचलेली भुकटी मूठभर घ्या आणि पाणी घालून तिची पणती वळायला बसा. कडा फाटत राहतात, आणि कशीबशी वळलीच तर वाळल्यावर बोटाच्या दाबाने तिचा भुगा होतो. आता शेजारच्या रानातली काळी माती घ्या. तीही त्याच काळ्या दगडातून आलेली, पण हवी तशी वळते, आणि वाळलं ढेकूळ फोडायला कुदळीचा तुंबा लागतो. म्हणजे फरक नुसत्या बारीकपणाचा नाही.

दगड दळला तरी त्यातली खनिजं तीच राहतात. चिकणमाती व्हायला ती मोडून नव्याने घडावी लागतात. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आम्ल होतं. असं पाणी आपल्या काळ्या दगडातल्या, म्हणजे बेसाल्टमधल्या, फेल्डस्पार आणि पायरोक्सीन या खनिजांना हळूहळू कुरतडतं. त्यातून सुटलेलं सिलिका आणि ॲल्युमिनियम पुन्हा जुळून अतिसूक्ष्म पापुद्रे तयार होतात. ही नवी खनिजं म्हणजे मृत्तिका-खनिजं. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तेव्हा या कामाला वेळ भरपूर मिळाला आहे. मुरूम ही याच वाटेवरची अर्धवट अवस्था: कातळ सुटा झाला आहे, पण त्याची पुरती माती झालेली नाही.

कोणते पापुद्रे तयार होणार हे पाणी ठरवतं, आणि मला या सगळ्यात हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो. देशावर पाऊस बेताचा, सखल रानात निचरा कमी. सिलिका आणि मॅग्नेशियम वाहून न जाता तिथेच राहतात आणि माँटमोरिलोनाइट तयार होतं. हे नाव फ्रान्समधल्या माँटमोरिलाँ गावावरून आलं. याचे थर पापडांच्या चळतीसारखे एकावर एक असतात, पण त्यांची आपसातली पकड सैल. पाणी थरांमध्ये शिरलं की माती फुगते, उन्हाळ्यात ते निघून गेलं की आकसते. तुमचं रान चैत्र-वैशाखात उलतं आणि पावसाळ्यात पायाला किलोभर चिखल घेऊन निघतं, ते यामुळे. वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, उशिरा येतो तोही यामुळे. घराच्या पायाखालची काळी माती काढून तिथे मुरूम भरतात, त्याचंही कारण हेच.

रत्नागिरीकडे खालचा खडक मुख्यतः बेसाल्टच, पण पाऊस ३००० मिलिमीटरच्या आसपास आणि उताराला निचरा उत्तम. सिलिका धुऊन जातं. मागे उरतं ते केओलिनाइट आणि लोहाची तांबडी ऑक्साइडं, म्हणजे जांभा आणि जांभ्याची माती. केओलिनाइटचे थर एकमेकांना घट्ट धरून असतात, पाणी आत शिरत नाही, म्हणून ती माती फारशी फुगत नाही. केओलिन हे नाव चीनमधल्या काओलिंग या टेकडीवरून पडलं, त्यामुळे आपला ‘चिनी माती’ हा शब्द अगदी नेमका आहे.

पिकाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. या पापुद्र्यांवर ऋण भार असतो, म्हणून कॅल्शियम, पोटॅशियम, अमोनियम त्यांना धरून राहतात. माँटमोरिलोनाइटची ही धारणक्षमता केओलिनाइटच्या कितीतरी पट. म्हणून काळं रान दिलेलं खत धरून ठेवतं, तर जांभ्याच्या जमिनीत ते थोडं थोडं, हप्त्याहप्त्याने द्यावं लागतं. कॅल्शियमच्या जागा सोडियमने बळकावल्या की पापुद्रे विस्कटतात, छिद्रं बुजतात, पाणी वरच तुंबतं. याला शेतकरी चोपण म्हणतात. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात अति पाण्याने अशी रानं झाली आहेत. तिथे जिप्सम टाकतात ते कॅल्शियमने सोडियमला हुसकावण्यासाठी, आणि सुटलेलं सोडियम वाहून जायला चर काढावे लागतात. चराविना नुसतं जिप्सम टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

आता शब्दाकडे. संस्कृत ‘चिक्कण’ म्हणजे गुळगुळीत, बुळबुळीत. चिकणी सुपारी, चिकणा चेहरा यांतही तोच अर्थ. तेव्हा नाव पडलं ते ओल्या मातीच्या स्पर्शावरून, आणि बोलीभाषेत तिन्ही वापर बरोबरच आहेत. पुस्तकातली चिकणमाती हा आकार: ०.००२ मिलिमीटरहून लहान कण, मग तो कशाचाही असो. कुंभाराची चिकणमाती हा गुण: वळते, आणि वाळताना-भाजताना तडकत नाही. नुसत्या काळ्या मातीची मूर्ती वाळताना तडे जातात, म्हणून मूर्तिकार शाडूच शोधतो. तुमचं रान चिकणमातीचं, कारण त्यात हे बारीक कण निम्म्याच्या आसपास किंवा अधिक असतात. त्यात थोडी वाळू आणि पोयटाही असतोच.

लिहिताना मी आकारासाठी ‘चिकण कण’, खनिजासाठी ‘मृत्तिका-खनिज’ आणि रानासाठी ‘चिकण जमीन’ असं वेगळं लिहितो. माती परीक्षणाच्या अहवालात ‘चिकणमाती ५५ टक्के’ दिसलं तर ते फक्त आकाराबद्दल आहे. त्या ५५ टक्क्यांत माँटमोरिलोनाइट किती आणि केओलिनाइट किती, हे तो आकडा सांगत नाही. ते उन्हाळ्यातल्या भेगांवरून अधिक कळेल.