ग्रिलच्या थर्मामीटरमध्ये पाणी गेलं? आधी प्रोब कुठला आहे ते बघा

मेमोरियल डे (मेचा शेवटचा सोमवार, अमेरिकेतली सुट्टी) आला की अमेरिकेतल्या आपल्या मंडळींचे ग्रिल बाहेर निघतात आणि माझ्याकडे थर्मामीटरचे प्रश्न यायला लागतात. यावेळी निम्मे प्रश्न पाण्याचेच आहेत, म्हणून एकत्रच उत्तरं देतोय.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): आमचा थर्मामीटर वायरलेस आहे पण प्रोबला, म्हणजे मांसात खुपसायच्या सळईला, वायर आहे, ती बाहेरच्या युनिटला लागते. परवा प्रोब नीट धुतला आणि आता फ्रिजमधून काढलेलं चिकनसुद्धा ९० डिग्री फॅरनहाइट दाखवतंय! युनिट गेलं का?

नाही ताई, युनिट बहुतेक ठणठणीत आहे. दुसरा प्रोब त्याच जॅकमध्ये लावून बघा, तो बरोबर दाखवत असेल तर विषय संपला, दोष पहिल्या प्रोबमध्येच आहे.

होतं काय, तर प्रोबच्या टोकात एक बारकासा थर्मिस्टर असतो, थंड असताना त्याचा रेझिस्टन्स जास्त आणि तापला की कमी. बऱ्याच प्रोबमध्ये तो २५ डिग्री सेल्सियसला १०० किलोओहमच्या आसपास असतो. आता जिथे स्टीलची नळी दाबून वायरवर बसवलेली असते ना, त्या सांध्यातून पाणी आत शिरतं. शिरलं की करंटला थर्मिस्टर सोडून दुसरी वाट मिळते, एकूण रेझिस्टन्स कमी होतो आणि युनिटला वाटतं मांस तापलंय. थंड असताना थर्मिस्टरचा स्वतःचा रेझिस्टन्स खूप जास्त असल्यामुळे चूक प्रचंड दिसते, तापल्यावर ती कमी होत जाते. लोकांना वाटतं चला, आपोआप सुधारला, पण तिथेच घात आहे. ओलाव्याची ती दुसरी वाट समजा १०० किलोओहमची असेल तर ३९ डिग्रीचं चिकन ९० दिसतं, हे आपल्याला कळतं तरी, पण पुढे स्क्रीनवर १६५ येतं तेव्हा चिकन प्रत्यक्षात १५७-१५८ लाच असतं, आणि हे मात्र कोणाला कळत नाही. चिकनसाठी अमेरिकेच्या कृषी खात्याचा आकडा १६५ आहे, म्हणून असा प्रोब वाळेपर्यंत वापरू नका.

उपाय सोपा आहे. ओव्हन २५० डिग्री फॅरनहाइटवर ठेवा, प्रोब आणि स्टीलच्या जाळीची वायर आत, पिन मात्र दाराच्या बाहेर, कारण पिनचं प्लास्टिक वितळतं. तास-दोन तास राहू द्या. वायर किती उष्णता सोसते ते मॅन्युअलमध्ये एकदा बघून घ्या. लवकर व्हावं म्हणून गॅसच्या ज्योतीवर धरू नका, आतलं इन्सुलेशन जळतं आणि मग तो प्रोब कायमचा गेला. गार झाल्यावर ग्लासभर बर्फाचा चुरा, त्यात थोडंसं पाणी, ढवळून प्रोबचं टोक मधोमध धरा, ३२ आलं पाहिजे. एक-दोन डिग्री इकडेतिकडे चालेल. दोनदा वाळवूनही आलं नाही तर नवीन घ्या.

आणि एक, गरम प्रोब नळाखाली धरायची सवय असेल तर आजच सोडा. आतली हवा गरम असते, वरून थंड पाणी पडलं की ती आकसते आणि सांध्यातून पाणी अक्षरशः आत ओढून घेते. प्रोब गार होऊ द्यायचा, मग टोक ओल्या साबणाच्या कपड्याने पुसायचं, सांधा कोरडाच ठेवायचा.

प्रश्न (पुणे): माझ्याकडे वायर नसलेला ब्लूटूथ प्रोब आहे, मुलाने अमेरिकेहून आणलाय. तो चार्जच होत नाहीये, धुताना पाणी गेलं असणार. ओव्हनमध्ये वाळवू का?

अजिबात नको!! वरचं उत्तर फक्त वायरवाल्या प्रोबसाठी आहे. तुमच्या प्रोबमध्ये बॅटरी आणि सर्किट दोन्ही पोटात आहे. मांसात खुपसल्यावर ते टिकतं कारण ओलं मांस सहसा १०० डिग्री सेल्सियसच्या वर जातच नाही, तेच मांस त्या भागाचं संरक्षण करतं. म्हणून तर प्रोबवर खूण असते आणि तिथपर्यंत तो आत घालायचा असतो. नुसताच ओव्हनमध्ये टाकलात तर ते संरक्षणच राहत नाही.

तांदळाच्या डब्यात घालायचा सल्लाही कोणीतरी देईलच, त्याने काही होत नाही, तांदळाची पावडर मात्र फटीत बसते. पुसून पंख्याखाली ठेवा, ओला असताना चार्जरमध्ये ठेवू नका, करंट आणि पाणी एकत्र आलं की कॉन्टॅक्ट गंजतात.

पण खरं सांगू का, चार्ज न होणं म्हणजे पाणीच असं नाही. चार्जिंगच्या जागेवर चरबी आणि धुराचा काळपट थर जमतो, दिसायला नुसता डाग वाटतो पण करंट अडवतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा घेऊन जोर लावून घासा, चार्जरमधल्या पत्र्याच्या स्प्रिंगाही घासा आणि चार्जरचे सेल बदला. बऱ्याचदा एवढ्यावरच काम होतं. नाहीच झालं तर प्रोब उघडायच्या फंदात पडू नका, वॉरंटी असेल तर मुलाला सांगा तिकडून क्लेम करायला.

प्रश्न (ह्यूस्टन): काल ब्रिस्केट (गाईच्या छातीचं मांस) लावलं होतं, १६० वर आलं आणि तीन तास काटा हलेना. स्मोकरमध्ये (धुरावर मांस शिजवायच्या भट्टीत) वाफ खूप होती, प्रोबमध्ये शिरली का?

दादा, प्रोबला दोष देऊ नका, याला तिकडे स्टॉल म्हणतात आणि टेक्सासात राहून हे होणारच. १५० ते १७० च्या दरम्यान मांसाच्या वरचं पाणी उडायला लागतं आणि त्याने मांस गार होत राहतं, घाम वाळताना अंग गार पडतं तसंच. स्मोकर जेवढी उष्णता देतो तेवढी बाष्पीभवनात जाते. ओलावा शिरलेला प्रोब असा एका आकड्यावर शांत बसत नाही, तो जास्त दाखवतो किंवा उड्या मारतो. घाई असेल तर बुचर पेपर (मांस गुंडाळायचा जाड कागद) किंवा फॉइलमध्ये गुंडाळा, नाहीतर आणखी एक चहा घ्या.

प्रश्न (म्हापसा, गोवा): बेस युनिट रात्रभर बाल्कनीत राहिलं, पाऊस लागला. स्क्रीनच्या आत धुकं आलंय.

पहिलं काम, सेल काढा. चालू करून बघायचा मोह टाळा. मागचे स्क्रू काढून झाकण उघडा, पंख्याखाली दोन दिवस ठेवा. तुमच्याकडे पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की नुसतं उघडं ठेवून वाळणार नाही, म्हणून नंतर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा. सेलच्या जागी पांढरट-निळसर पापुद्रा दिसला तर अल्कलाइन सेल गळलेत, कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, मग अल्कोहोलने. जॅकच्या भोकातही तसंच, समुद्राकडच्या खाऱ्या हवेने तिथे गंज धरतो आणि मग प्रोब चांगला असूनही आकडे नाचतात.

प्रश्न (डॅलस): बॉक्सवर आयपी ६७ लिहिलंय, म्हणजे डिशवॉशरमध्ये टाकला तर चालेल ना?

नाही. आयपी ६७ हा धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा, त्यातला ७ म्हणजे एक मीटर साध्या पाण्यात अर्धा तास, एवढंच. त्यात गरम पाण्याचा फवारा, वाफ, डिटर्जंट यातलं काहीच येत नाही. मॅन्युअलमध्ये डिशवॉशर चालेल असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच टाका, आणि वायरवाला असेल तर लिहिलेलं असलं तरी मी टाकणार नाही.