पोर्ट एलनची नवी बाटली कधी? वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच नावाभोवतीचे आहेत: पोर्ट एलन. स्कॉटलंडच्या आयला बेटावरची ही डिस्टिलरी 1983 मध्ये बंद झाली. तिच्या उरलेल्या जुन्या पिंपांतली व्हिस्की पुढे दंतकथा बनली. मार्च 2024 मध्ये तिथे पुन्हा भट्टी पेटली आणि तेव्हापासून शौकिनांत एकच चर्चा आहे: नव्या पोर्ट एलनची पहिली बाटली कधी, कशी आणि केवढ्याला?

ठाण्याहून: पहिली बाटली 2027 मध्ये येणार, असं आमच्या मित्रमंडळात सगळे ठामपणे सांगतात. आत्तापासून पैसे बाजूला काढू का?

2027 हा आकडा कायद्यातून आला आहे, कंपनीकडून नव्हे. 2009 च्या स्कॉच व्हिस्की नियमांनुसार मद्य स्कॉटलंडमध्येच, 700 लिटरपेक्षा मोठं नसलेल्या ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं राहिल्याशिवाय त्याला स्कॉच म्हणता येत नाही. 2024 मध्ये तीन मिळवा, झालं 2027. त्याआधी पोर्ट एलनच्या नव्या मद्यावर व्हिस्की असं लिहिताच येणार नाही, एवढं नक्की. पण तीन वर्षं भरली की विकायची परवानगी मिळते, विकण्याची सक्ती होत नाही.

पहिली बाटली कधी निघणार हे बहुतेक वेळा मालकाच्या तिजोरीवर ठरतं. आयलावरचीच किल्होमन 2005 मध्ये सुरू झाली. छोटी, घरची डिस्टिलरी, पैसा फिरता ठेवणं भाग होतं. तिची पहिली व्हिस्की 2009 मध्ये आली. स्कॉटलंडच्याच फाइफ भागातली डाफ्टमिलही 2005 चीच, पण ती एका शेतकरी कुटुंबाची. शेतीचं उत्पन्न होतं म्हणून त्यांनी घाई केली नाही आणि पहिली बाटली थेट 2018 मध्ये काढली. आयलावरच्या आर्डनाहोने मधला मार्ग धरून 2024 मध्ये पाच वर्षांची व्हिस्की आणली. आता पोर्ट एलनचा मालक बघा. डिआजिओ म्हणजे जॉनी वॉकरवाली कंपनी. पोर्ट एलन आणि ब्रोरा या दोन बंद डिस्टिलऱ्या जिवंत करण्यासाठी तिने 2017 मध्ये साडेतीन कोटी पौंड जाहीर केले. पोर्ट एलन उघडताना 1978 च्या जुन्या मद्याच्या दोन बाटल्यांचा 'जेमिनाय' हा संच 45,000 पौंडांना बाजारात ठेवला. अशा मालकाला तीन वर्षांच्या कोवळ्या बाटलीतून खर्च भागवायची गरज नाही, आणि ती बाटली फिकी निघाली तर या मोठ्या नावालाच धक्का बसेल.

म्हणून मी पोर्ट एलनपेक्षा ब्रोराकडे लक्ष ठेवायला सांगतो. मालक तोच, बंद पडल्याचं साल तेच, आणि ती मे 2021 मध्ये सुरू झाली, म्हणजे जवळजवळ तीन वर्षं पुढे आहे. 2024 मध्ये तिचं नवं मद्य कायद्याने व्हिस्की झालं, पण ते लगेच बाजारात उतरवण्याची घाई कंपनीने केली नाही. पोर्ट एलनबाबतही हेच घडेल असं मला वाटतं.

माझा अंदाज असा: नियमित मिळणारी बाटली आठ ते दहा वर्षांची असेल, म्हणजे 2032 ते 2034 च्या सुमारास. त्याआधी एखादी छोटी, मर्यादित बाटली येऊ शकते. आयलावरच्याच आर्डबेग डिस्टिलरीने तसं केलं होतं. 1997 मध्ये मालकी बदलल्यावर 1998 चं मद्य त्यांनी टप्प्याटप्प्याने चाखायला दिलं: 2004 मध्ये 'व्हेरी यंग', 2006 मध्ये 'स्टिल यंग', 2007 मध्ये 'ऑलमोस्ट देअर' आणि 2008 मध्ये दहा वर्षांचं 'रेनेसाँ'. एक डिस्टिलरी पुन्हा कशी उभी राहते हे पिणाऱ्यांना घोटाघोटाने कळलं. पोर्ट एलननेही हाच रस्ता धरावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पुण्याहून: जुन्या पोर्ट एलनची चव नव्यात येईल का? भट्ट्या हुबेहूब बनवल्यात म्हणतात.

भट्ट्यांबद्दलचं खरं आहे. तांब्याच्या भट्ट्यांची मोठी जोडी जुन्यांच्या मापावरून बनवली आहे आणि तिला 'फिनिक्स' नाव दिलं आहे. तरीही माझं उत्तर 'नाही' असंच आहे, आणि त्याबद्दल मला वाईट वाटत नाही.

जुनी पोर्ट एलन म्हणून आपण जिचं नाव घेतो ती कोणती? 2001 ते 2017 या काळात दरवर्षी एक याप्रमाणे सतरा अधिकृत बाटल्या निघाल्या. पहिली 1979 च्या मद्याची, 22 वर्षांची. सतरावी पण 1979 चीच, 37 वर्षांची. डिस्टिलरी चालू असताना या मद्याचं कुणाला फारसं कौतुक नव्हतं, ते ब्लेंडमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्की मिसळून केलेल्या बाटलीत जायचं. ब्लेंडसाठीचं मद्य अनेकदा वापरलेल्या पिंपांत भरलं जाई. अशी पिंपं रंग कमी देतात, व्हॅनिलाचा गोडवाही कमी देतात. मग वीस-तीस वर्षांनी आत उरतं ते मद्याचं स्वतःचं रूप: लिंबाची साल, समुद्राचं मीठ, डांबर, विझलेल्या शेकोटीसारखा मंद धूर. पीटचा, म्हणजे माल्ट वाळवताना जाळलेल्या दलदलीतल्या मातीचा धूर वयाबरोबर उतरतो, त्यामुळे तो धूर नाजूक झाला. शिवाय ही उरलेली पिंपं होती. बाकीची ब्लेंडमध्ये कधीच संपली.

व्हिस्की जिच्यापासून बनते ती बार्लीही तेव्हा वेगळी होती. त्या काळी स्कॉटलंडमध्ये 'गोल्डन प्रॉमिस' जातीचा बोलबाला होता. आंबवण्यासाठी बिअरवाल्यांकडचं यीस्ट मिसळायची पद्धत होती. आज बार्लीच्या जाती बदलल्या, यीस्ट बदललं. भट्टीचा आकार तोच ठेवला तरी आत जाणारा माल तो नाही, आणि चाळीस वर्षं तर कोणीच परत बनवू शकत नाही. चार-पाच वर्षांची नवी पोर्ट एलन ग्लासात घेऊन तिला 37 वर्षांच्या बाटलीशेजारी उभं करणं हा त्या नव्या मद्यावर अन्याय आहे.

मला खरी उत्सुकता आहे ती दुसऱ्या, छोट्या भट्ट्यांच्या जोडीची. ती प्रयोगांसाठी आहे, आणि तिच्याबरोबर दहा भागांचा स्पिरिट सेफ, म्हणजे उतरणारं मद्य पाहून वेगळं वळवायची बंदिस्त पेटी, बसवला आहे. नेहमीच्या डिस्टिलरीत मद्य उतरताना सुरुवातीचा तीव्र भाग आणि शेवटचा जड भाग बाजूला काढतात. मधला चांगला भाग, ज्याला 'हार्ट' म्हणतात, तो सगळा एकत्र घेतात. पण हार्टमध्येही चव सारखी नसते. आधी फळांसारखे हलके सुगंध येतात, पीटचे जड, औषधी, धुरकट वास उशिरा उतरतात. इथे हे टप्पे वेगवेगळे पकडता येतात. म्हणजे एकाच माल्टपासून (मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून), एकाच दिवशी, फळांकडे झुकलेलं आणि डांबराकडे झुकलेलं अशी दोन मद्यं निघू शकतात. अशी बाटली आली तर ती जुन्याची नक्कल नसेल. मी त्या बाटलीची वाट पाहतोय.

नाशिकहून: पोर्ट एलनच्या नव्या लेबलचा फोटो फिरतोय, किमतीसकट. खरा असेल?

लेबल आधी फुटतं ते बहुधा अमेरिकेतून. तिथे आयात मद्याच्या लेबलला टीटीबी या सरकारी खात्याची मंजुरी लागते आणि मंजूर लेबलं सगळ्यांना पाहता येतात. शौकीन ती नोंदवही सतत चाळतात. पण मंजुरी मिळाली म्हणजे बाटली येणारच असं नाही. कंपन्या आगाऊ मंजुरी घेऊन ठेवतात, काही लेबलं कधीच छापली जात नाहीत, अल्कोहोलची टक्केवारी नंतर बदलायची मुभाही असते.

तुम्ही पाठवलेल्या वर्णनात 2024 चं मद्य आणि 'पाच वर्षं' असं दोन्ही आहे. ते 2029 आधी शक्य नाही. आणि किंमत त्या नोंदीत नसतेच. लेबलवरून किंमत कळली असं कोणी म्हणालं की तो फोटो बाजूला ठेवा. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असा हा प्रकार आहे.

ग्लासगोहून: मी इथेच राहतो. फेश इलाला गेलो तर काही हाती लागेल का?

फेश इला हा आयलाचा मे अखेरचा उत्सव. डिस्टिलऱ्या त्या आठवड्यात खास बाटल्या काढतात, म्हणून अफवाही तेव्हाच जोरात असतात. पोर्ट एलनची पहिली छोटी बाटली आली तर ती डिस्टिलरीतच मिळण्याची शक्यता मला जास्त वाटते, पण त्या आशेवर तिकीट काढू नका. बेटासाठी जा. केनाक्रेगहून फेरी थेट पोर्ट एलन बंदराला लागते आणि गावातून लाफ्रोइग, लागाव्हुलिन, आर्डबेग या डिस्टिलऱ्यांची वाट चालत करता येते. फेरी आणि राहायची जागा मात्र खूप आधी धरा.

कोल्हापूरहून: एका एजंटाने आयलाच्या पिंपात गुंतवणूक सुचवली आहे. 'पुढची पोर्ट एलन' म्हणतोय. घेऊ का?

नका घेऊ. सांगण्यासारखं यात बरंच आहे, पण मोजकंच सांगतो. पिंप गोदामातच राहतं, स्कॉटलंडबाहेर पिकवता येत नाही. सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीची माल्ट व्हिस्की, बाटलीत भरायचं कामही 2012 पासून स्कॉटलंडमध्येच करावं लागतं, त्यामुळे ते पिंप कोल्हापुरात आणण्याचा प्रश्नच नाही. मालकी तुमची आहे हे गोदामवाल्याच्या नोंदीवरून ठरतं, एजंटाने दिलेल्या रंगीत प्रमाणपत्रावरून नव्हे. दरवर्षी साधारण दोन टक्के मद्य हवेत उडतं, आणि ताकद 40 टक्क्यांखाली गेली तर ते व्हिस्की म्हणून विकता येत नाही. डिस्टिलरीची परवानगी नसेल तर लेबलवर तिचं नाव छापायला अडचण येते, आणि नाव नाही तर 'पुढची पोर्ट एलन' कसली? एजंटाकडे पिंपाचा क्रमांक आणि गोदामाचा पत्ता मागा आणि गोदामाला स्वतः लिहून विचारा. हे देताना तो टाळाटाळ करू लागला तर तिथेच थांबा.

नवी मुंबईहून: ब्रिटनशी करार झालाय, मग ही बाटली इथे स्वस्त मिळेल?

24 जुलै 2025 ला सह्या झालेल्या करारात स्कॉचवरचं आयात शुल्क 150 टक्क्यांवरून आधी 75 आणि दहा वर्षांत 40 टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे. पण ते केंद्राचं शुल्क झालं. राज्याचं उत्पादन शुल्क, व्हॅट आणि दुकानदाराचा नफा त्यावर वेगळा लागतो. महाराष्ट्राने नोव्हेंबर 2021 मध्ये आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क 300 टक्क्यांवरून 150 टक्के केलं, तेव्हा दुकानातला फरक लगेच जाणवला होता. म्हणून दिल्लीइतकंच मुंबईकडेही लक्ष ठेवा. पोर्ट एलनसारखी मर्यादित बाटली इथे फार थोडी येईल आणि तिची किंमत शुल्कापेक्षा टंचाईवर ठरेल. करारामुळे फायदा होईल तो रोजच्या सिंगल माल्टचा.

छत्रपती संभाजीनगरहून: जुनी पोर्ट एलन परवडणारी नाही. तोपर्यंत त्या चवीची ओळख कशी करून घ्यावी? माझं वय 26 आहे.

वय सांगितलंत ते बरं केलं. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी 25 पूर्ण लागतात आणि परवानाही.

सुरुवात आयलावरच्याच काओल ईला डिस्टिलरीच्या 12 वर्षांच्या बाटलीने करा. 1983 मध्ये तेव्हाच्या मालक कंपनीने पोर्ट एलन बंद केली ती याच डिस्टिलरीमुळे. काओल ईला 1974 मध्ये मोठी करून सहा भट्ट्यांची केली होती, आणि मागणी घटल्यावर ब्लेंडसाठी धुरकट मद्य पुरवायला ती आणि लागाव्हुलिन पुरेशी ठरली. पोर्ट एलन गावातलं माल्ट बनवण्याचं केंद्र 1973 पासून चालू आहे आणि या दोघींचं माल्ट तिथूनच येत आलं आहे. काओल ईलात लिंबू आणि समुद्र ओळखता येतो. त्यानंतर लागाव्हुलिनची 8 वर्षांची घ्या. ती 2016 मध्ये डिस्टिलरीच्या दोनशे वर्षांनिमित्त आली आणि लोकांना आवडली म्हणून टिकली. 48 टक्के ताकदीची आहे, थोडं पाणी घालून प्या. आठ वर्षांचं पीट किती उघडं आणि ताजं असतं ते तिच्यात कळेल. नवी पोर्ट एलन आली की तिची तुलना याच बाटलीशी करा.